पेंग्विनचा ब्लड रिपोर्ट

घरात कुणी सारखे थकलेले दिसू लागले, की डॉक्टर आधी रक्त तपासून घ्यायला सांगतात. आपण निदान 'चक्कर येते' एवढे तरी सांगू शकतो. पक्षी बिचारा काय सांगणार? उलट, अशक्तपणा दिसला तर शिकारी टिपेल, म्हणून तो शक्य तितका वेळ आजार लपवतो.

२३ जून २००० रोजी दक्षिण आफ्रिकेत केप टाउनजवळ 'ट्रेझर' हे मालवाहू जहाज बुडाले. त्यातले तेल समुद्रावर पसरले आणि सुमारे १९,००० आफ्रिकन पेंग्विन माखले गेले. समुद्रपक्ष्यांची शुश्रूषा करणाऱ्या 'सॅनकॉब' या संस्थेने हजारो स्वयंसेवकांच्या मदतीने ते धुऊन काढले. बहुतेक पक्षी वाचले.

पण पक्षी स्वच्छ झाला म्हणजे बरा झाला असे नाही. चोचीने पिसे साफ करताना तेल पोटात जाते, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि रक्तक्षय होतो. वरून काहीच कळत नाही.

म्हणून रक्त तपासायचे. काही थेंब रक्त अगदी बारीक काचनळीत घेऊन ती नळी यंत्रात वेगाने फिरवतात. पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर द्रव उरतो. पेशींचा थर साधारण निम्म्याच्या आसपास असावा. तो फारच कमी भरला तर रक्तक्षय समजावा. वरच्या द्रवातल्या प्रथिनांवरून उपासमार आणि शरीरातील पाण्याची कमतरता यांचा अंदाज येतो. आणखी एक थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियाचे जंतू शोधतात. होय, डास पेंग्विनलाही मलेरिया देतात! मात्र हा मलेरिया माणसाला होत नाही. वजन, पाणी न शिरणारी पिसे आणि रक्त, तिन्ही ठीक असेल तरच पक्ष्याला घरी जायची परवानगी!

एवढी काळजी घेऊनही २०२४ मध्ये या पेंग्विनची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली. विणीच्या जोड्या १०,००० हूनही कमी उरल्या आहेत. मुख्य कारण भूक. त्यांचे अन्न असलेले सार्डिन आणि अँकोव्ही मासे दुर्मीळ झाले आहेत. मार्च २०२५ मध्ये न्यायालयात झालेल्या तडजोडीनुसार सहा प्रमुख वसाहतींभोवती या माशांची व्यापारी मासेमारी बंद ठेवण्याचे ठरले.

रक्ताचा रिपोर्ट आजार दाखवतो, पोट भरत नाही. ते काम माणसालाच करायचे आहे, समुद्रातला पेंग्विनचा वाटा त्याच्यासाठी राखून!