स्वल्पविराम अचूक, अवतरण बनावट

इंग्रजी साहित्याच्या पदवी वर्गात संदर्भ द्यायला शिकवणे म्हणजे विरामचिन्हे शिकवणे, अशी समजूत रूढ झाली आहे. आडनाव आधी की नाव, शीर्षक तिरप्या ठशात की अवतरणचिन्हांत, यावर गुण मिळतात आणि यावरच कापले जातात. वास्तविक हे नियम चिरंतनही नाहीत. एमएलएच्या २००९ च्या सातव्या आवृत्तीने प्रत्येक नोंदीत 'प्रिंट' किंवा 'वेब' लिहायला लावले; २०१६ च्या आठव्या आवृत्तीने ते काढून टाकले.

भारतातील इंग्रजी शिक्षणाच्या इतिहासावरचा एखादा विद्यार्थी-प्रकल्प उघडून पाहावा. मेकॉलेचे ते 'भाषण' भेटण्याचा संभव दाट: आपण भारतभर हिंडलो, कुठे भिकारी दिसला नाही, चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडायचा तर त्याची शिक्षणपद्धती बदला, अशा आशयाचे. तारीख २ फेब्रुवारी १८३५, स्थळ ब्रिटिश पार्लमेंट. पण मेकॉले १८३४ च्या जूनमध्येच भारतात उतरला होता. १८३५ च्या त्या दिवशी तो लंडनला नव्हे, कलकत्त्यात होता, आणि नेमक्या त्याच तारखेचे त्याचे शिक्षणविषयक टिपण उपलब्ध आहे. त्यात हे वाक्य नाही. स्तुती तर नाहीच. संस्कृत आणि अरबी ग्रंथांविषयी उघड तुच्छता आहे. मेकॉलेवर आरोप ठेवायला त्याचे खरे टिपण पुरेसे असताना आपण बनावट कागद घेऊन साक्षीला उभे राहतो, याला काय म्हणावे?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, आणि श्रेय देऊन केलेले अवतरण साम्यात धरलेच जात नाही. म्हणजे हे भाषण, संकेतस्थळाच्या पत्त्यासह, निष्कलंक ठरते! शब्द कुठे जुळतात एवढेच यंत्राला कळते. ते कोणी खरोखर उच्चारले का, हे विचारायचे काम शिक्षकाचे होते. आता तर संगणकाला सांगितले की अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकाची नोंदही तो लिहून देतो, स्वल्पविरामांसकट.

ग्रंथालयात पुस्तके नाहीत, ही सबब इथे चालणार नाही. मेकॉलेचे टिपण मोजक्या पानांचे आहे आणि महाजालावर फुकट वाचता येते. पहिल्या वर्षी प्रत्येकाला एक प्रसिद्ध अवतरण द्यावे आणि त्याचे मूळ शोधायला लावावे. कुठे कुठे पाहिले ते लिहून 'मूळ सापडले नाही' असे उत्तर आणणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत.