पुलावरील दोन मीटर

उज्जयिनीच्या बाहेर राहणाऱ्या वाचकांसाठी प्रथम स्थळाचे वर्णन करणे भाग आहे. रेल्वेमार्गाच्या एका अंगास महाकाळ, गोपाळ मंदिर आणि क्षिप्रेचे घाट यांनी वेढलेले जुने शहर आहे. दुसऱ्या अंगास शिंदे सरकारच्या अमदानीत आखून वसविलेले फ्रीगंज, म्हणजेच माधवनगर आहे. या दोहोंना जोडणारा पूल म्हणजे फ्रीगंजचा पूल. दूधवाला, शाळकरी मुलगी, दुकानातला नोकर आणि पहाटेच्या दर्शनास निघालेला वृद्ध या सर्वांना सायकलवरून तो पूल चढावा लागतो. या पुलाला समांतर असा दुसरा पूल आता सिंहस्थाच्या आखणीत आहे. त्यावर सायकलस्वारासाठी वेगळी राखलेली दोन मीटर रुंदीची वाट असावी, एवढेच आमचे मागणे आहे.

मागणे इतके लहान असता त्यास विरोध का व्हावा? विरोधाचे पहिले कारण असे सांगतात की, हल्ली सायकल चालवितो कोण? २०११ च्या जनगणनेत देशातील शंभरांपैकी सुमारे पंचेचाळीस घरांत सायकल आढळली, आणि मोटारगाडी पाचांहूनही कमी घरांत. मोटारी तेव्हापासून पुष्कळ वाढल्या हे कोणीही नाकारणार नाही. पण मोटार वाढली म्हणून सायकल घराबाहेर गेली, असे सिद्ध होत नाही. ज्याला पूल म्हणजे मोटारीच्या काचेतून दिसणारा पूल, त्याला सायकलस्वार दिसत नाही, इतकेच. आणि समजा, सायकलस्वारांची संख्या खरोखरच घटली, तर ती का घटली? मूल घरून निघाले की आईचा जीव टांगणीला लागतो, म्हणून घटली. भीतीने रिकामा झालेला रस्ता दाखवून येथे गरजच नाही असे म्हणणे हा न्यायालयात टिकणारा युक्तिवाद नव्हे.

पुलावरील धोका समजून घेण्यास इंजिनियर असण्याची आवश्यकता नाही. चढावर सायकलस्वाराची गती पायी चालणाऱ्याइतकी उतरते, तोल सांभाळताना चाक डावी-उजवीकडे डोलते, म्हणजे सपाटीपेक्षा त्याला अधिक जागा लागते. नेमक्या त्याच ठिकाणी मागचा मोटारवाला चढ काढण्यासाठी जोर धरतो. उतारावर तोच सायकलस्वार वेगात असतो, आणि पुलाच्या पायथ्याशी चौकात सगळी वाहने एकमेकांत शिरत असतात. त्यात पाण्याच्या निचऱ्याच्या जाळीच्या सळया रस्त्याच्या दिशेनेच बसविल्या असतील तर चाक अडकलेच म्हणून समजा. (ही जाळी आडवी बसविण्यास एक पैसाही अधिक लागत नाही.)

दुसरा आक्षेप नियमांचा आहे, आणि तो आम्हांस विशेष रुचतो, कारण नियम आमच्याच बाजूचे आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसने सायकलवाटांची मानके १९६२ सालीच प्रसिद्ध केली. गर्दीच्या तासात मोटारवाहने दोनशेहून अधिक असतील, तर तासाला शंभर सायकली असल्या तरी स्वतंत्र वाट समर्थनीय ठरते, असे त्यांत म्हटले आहे. वाटेची किमान रुंदी दोन मीटर. फ्रीगंजच्या पुलावर सायंकाळी दोनशे मोटारवाहने मोजण्यास तासभर उभे राहावे लागेल, असे ज्यांस वाटते त्यांनी एकदा तेथे उभे राहावेच. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३८ चे पोटकलम (१ अ) आले. सायकलीसारखी यंत्रविरहित वाहने आणि पादचारी यांच्याविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांस मिळाला. त्याच दुरुस्तीने कलम १९८ अ घातले: रस्त्याच्या रचनेत वा देखभालीत मानके न पाळल्याने कोणी मेला वा अपंग झाला तर जबाबदार अधिकारी, ठेकेदार किंवा सल्लागार यांस एक लाखापर्यंत दंड. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना हे नियम सहा महिन्यांत करावेत असा निर्देश दिला. एका जिवापुढे लाख रुपये ही क्षुल्लकच रक्कम. परंतु नकाशावर सही करणाऱ्याच्या हाताला क्षणभर थांबविण्यास ती उपयोगी पडेल.

तिसरा आक्षेप हाच की, वाहतूक अशी अडविता येत नाही. हे उज्जयिनीत कोणी म्हणावे याचे आम्हांस नवल वाटते. श्रावण-भाद्रपदातील सोमवारी महाकाळाची सवारी निघते तेव्हा मार्गावरील वाहने थांबतात, आणि नगराचा राजा पालखीतून जातो. आपल्या पंचांगाने चैत्र वद्य दशमीस, उत्तरेच्या पंचांगाने वैशाखात, पंचक्रोशीचे यात्रेकरू नागचंद्रेश्वराकडून बळ मागून घेऊन ११८ किलोमीटर पायी चालतात व परत येऊन मातीचे घोडे अर्पण करतात. त्यांची वाट राखली जाते. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकाळाचे मंदिर पुन्हा उभे केले, हे या पत्राच्या कोंकणी वाचकांस अभिमानाने ठाऊक आहे. त्या देवळाकडे येणारा भाविक पुढे पिढ्यान्‌पिढ्या बहुधा पायीच आला. जे शहर देवासाठी रस्ता मोकळा करू शकते, त्याला देवाच्या दर्शनास निघालेल्या माणसासाठी रस्त्याची कड मोकळी ठेवता येत नाही काय?

येथे आपल्याच मंडळींस दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. कीर्तनास, आरतीस, गणेशोत्सवास आपण जातो आणि गाडी रस्त्याच्या कडेलाच उभी करतो. म्हणजे सायकलस्वार जिथून जायचा ती जागा आपणच अडवितो. देवळाच्या आवारात मोटारींसाठी जागा रंगविलेली असते, सायकलीसाठी एक लोखंडी दांडा नसतो. विश्वस्त मंडळांनी ठरविले तर हे एका आठवड्याचे काम आहे.

नुसत्या रंगाने मात्र भागणार नाही. पुण्याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. सायकलींचे शहर म्हणून ज्याची ख्याती, त्या पुण्यात केंद्राच्या पैशाने मोठ्या लांबीच्या सायकलवाटा झाल्या. त्या जागोजागी तुटल्या, कुठे फेरीवाले बसले, कुठे मोटारी उभ्या राहिल्या, आणि २०१७ साली महापालिकेस सायकलींचा नवा आराखडा मंजूर करावा लागला. नेदरलँडमध्ये १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली व त्यांत चारशेहून अधिक मुले होती, तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले आणि मग तेथे वाटा झाल्या. तेथील सायकलवाट आकाशातून पडलेली नाही.

पूल एकदा बांधला की त्यात दोन मीटर मागाहून घालता येत नाहीत. म्हणून सेतू विभाग, नगर निगम व जिल्हाधिकारी यांस प्रत्येक मंडळाने आपल्या शिक्क्यानिशी स्वतंत्र अर्ज द्यावा. एकत्रित एक अर्ज एकाच फायलीत झोपतो. अर्जात तीनच गोष्टी मागाव्या: नव्या पुलाच्या नकाशाची प्रत, त्यात सायकलवाट कोठे दाखविली आहे याचे उत्तर, आणि दाखविली नसल्यास नाकारणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व कारण, लेखी. अर्जाची पोच घेण्यास विसरू नये.