अडीचच्या खाली काही नाही का?

निफाड, ओझर, पिंपळगाव, येवला... मी आमच्या भागातल्या ज्या ज्या जिममध्ये डोकावलोय, तिथला प्लेटांचा स्टँड सारखाच. २०, १५, १०, ५, आणि सगळ्यात खाली, बरेचदा दाराला टेकण म्हणून लावलेली, अडीच किलोची एक जोडी. संपलं. भिंतभर आरसे आहेत, निळे-जांभळे दिवे आहेत, कानठळ्या बसवणारी गाणी आहेत. अर्ध्या किलोची प्लेट मागितली की मालक असे बघतात, जणू आपण सराफाच्या दुकानात पालक मागतोय.

"ती कशाला लागते साहेब?"

कशाला लागते ते सांगायला आजचा वीकांत खर्ची घालतोय.

गणित तिसरीतलं आहे. रॉडला दोन टोकं असतात, दोन्हीकडे सारखं वजन लावावं लागतं. म्हणजे सगळ्यात छोटी प्लेट अडीचची असेल तर सगळ्यात छोटी उडी पाच किलोची. शंभर किलोचं स्क्वॉट मारणाऱ्या गड्याला पाच किलो म्हणजे पाच टक्के. ठीक आहे, ओढेल कसातरी. पण तेच पाच किलो २५ किलोचा शोल्डर प्रेस मारणाऱ्याला वीस टक्के होतात. आणि नुसत्या २० किलोच्या रॉडवर सुरुवात करणाऱ्या बाईला पंचवीस टक्के! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना अप्रेझलमध्ये पंचवीस टक्के मिळाले तर गल्लीभर पेढे वाटू. इथे मात्र ते एका सोमवारी, एका दणक्यात, खांद्याकडून मागायचे.

माझी पुतणी अकरावीला आहे. तिचा प्रेस २५ किलोवर, पाच रेप्सवर, अडीच महिने अडकला होता. ३० लावले की रॉड कपाळापर्यंत यायचा आणि थांबायचा. तिच्या ट्रेनर सरांनी (नाव घेत नाही, जिमचंही नाही) निदान केलं: "मुलींचं वरचं अंग कमजोरच असतं. तू पायांवर लक्ष दे." पोरगी घरी येऊन मला विचारते, "काका, हे खरंय का?"

माझी तार तिथे सटकली. मुलीच्या खांद्यात पुरुषापेक्षा स्नायू कमी असतात हे खरं, त्याबद्दल वाद नाही. पण मग तिला छोटी पायरी जास्त लागणार, का मोठी? स्टँडवर एक लोखंडी चकती नाही आणि दोष पोरीच्या शरीराला! जिना बांधताना दोन पायऱ्या गाळायच्या आणि वर पोहोचला नाही त्याला लंगडा म्हणायचं, असा हा प्रकार आहे.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: "आधी रेप्स वाढवा, मग वजन वाढवा." हे चुकीचं नाही. डंबेलच्या व्यायामांना हे चालतं, मीही करतो. पण जरा हिशेब मांडून बघा. एप्लीचं एक प्रसिद्ध सूत्र आहे: एकदाच उचलता येईल ते कमाल वजन म्हणजे वजन गुणिले (१ + रेप्स भागिले ३०). अंदाजच आहे तो, पण कामाचा. ३० किलो पाच वेळा म्हणजे कमाल ३५. तेवढीच ताकद २५ किलोवर दाखवायची तर किती रेप्स? बारा! म्हणजे पाच रेप्सवर असलेल्या पोरीने सहा, सात, आठ करत बारापर्यंत जायचं, तेव्हा कुठे तीसच्या पाच रेप्स निघायची आशा. तोवर व्यायामाचा प्रकारच बदलतो, ताकदीचा सराव राहतो बाजूला आणि दमाचा सुरू होतो. याउलट २६ किलोच्या पाच रेप्ससाठी २५ वर सहा-साडेसहा पुरतात. एवढं तर या आठवड्यात होऊ शकतं. शरीर वाढतंय एकेका किलोने आणि आपण मोजतोय पाचाच्या मापाने, मग ते अडकल्यासारखं दिसणारच.

गंमत म्हणजे हे सगळं आमच्या तालुक्यात चालतं! इथला द्राक्षवाला जिब्रेलिक ॲसिडची फवारणी पीपीएममध्ये मोजतो. दहा पीपीएमच्या जागी चुकून वीस गेलं तर रात्रभर झोपत नाही. मणी मिलिमीटरच्या हिशेबाने प्रतवारीला जातो. इथली थंडीसुद्धा दशांशात मोजतात. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा छापताना पेपरवाले टिंबाच्या पुढचा आकडा गाळत नाहीत. आणि त्याच द्राक्षवाल्याचा पोरगा संध्याकाळी जिममध्ये जाऊन म्हणतो, "लाव रे पाच-पाच, बघू काय होतं." काय होतं? पाठ वाकते, रॉड छातीवर येतो, आणि दोन महिन्यांनी पोरगा जिम सोडतो.

जुनी माणसं याबाबतीत शहाणी होती. जोर-बैठकांच्या आखाड्यात पन्नासाचे एकावन्न करायला कुणाची परवानगी लागत नव्हती. ग्रीकांच्या त्या मायलोची गोष्ट ट्रेनर लोक हमखास सांगतात: रोज वासरू उचलायचा, वासराचा बैल झाला तरी उचलत राहिला. अहो पण वासरू एका रात्रीत पाच किलोने वाढत नाही ना! गोष्टीतला मुद्दाच तो आहे.

आता "हे चोचले आहेत, खरे वेटलिफ्टर असलं काही वापरत नाहीत" म्हणणाऱ्यांसाठी. आंतरराष्ट्रीय वेटलिफ्टिंगमध्ये पूर्वी वजन अडीच किलोच्या पटीत वाढायचं. २००५ पासून ते एका किलोने वाढवता येतं. त्यासाठी अर्ध्या किलोच्या चकत्या असतात आणि ऑलिंपिकच्या मंचावर त्या सर्वांसमोर लावल्या जातात, कुणी हसत नाही. आपला सांगलीचा संकेत सरगर २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत २४८ किलो उचलून रौप्यावर थांबला. सुवर्ण नेणाऱ्या मलेशियाच्या खेळाडूचे २४९ होते. मीराबाई चानू २०२४ ला पॅरिसमध्ये १९९ वर राहिली, कांस्यपदक २०० ला गेलं. (संकेतचं कोपर त्या दिवशी दुखावलं होतं, तेव्हा प्लेटांमुळे पदक गेलं असं मी म्हणत नाहीये. एक किलो म्हणजे काय ते सांगतोय.) आणि लांब कशाला, आपल्याच जिल्ह्यातल्या मनमाडच्या आकांक्षा व्यवहारेने २०२२ मध्ये मेक्सिकोत, जागतिक युवा स्पर्धेत, ४० किलो गटात रौप्य मिळवलं: ५९ आणि ६८, एकूण १२७. आकडे नीट बघा. ५९ आणि ६८. पाचाच्या पाढ्यात दोन्ही बसत नाहीत.

एक आक्षेप मात्र दखल घेण्यासारखा आहे. आपल्याकडच्या ओतीव प्लेटा स्वतःच चुकीच्या असतात, २० लिहिलेली साडेएकोणीसही भरते. मग अर्ध्या किलोचं कौतुक कशाला? उत्तर सोपं आहे. तुमची प्लेट साडेएकोणीसची असेल तर असू द्या, पण दर वेळी तीच घ्या. ऑइलपेंटने खूण करा. आपल्याला जगाशी तुलना करायची नाहीये, गेल्या आठवड्याशी करायची आहे. फारच शंका असेल तर किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून खरं वजन खडूने लिहून टाका. कांद्याचा तालुका आपला, काट्यांना काय तोटा!

आणि महाग? बाहेरून मागवल्या तर असतील. मी लेथवाल्याकडून करून घेतल्या. माइल्ड स्टीलची घनता ७.८५ धरली, की १० मिमी जाडीची, १०४ मिमी व्यासाची, मधे ५२ मिमी भोक असलेली चकती बरोबर अर्धा किलो भरते. जाडी ५ मिमी केली की पाव किलो. प्रोटीनच्या एका डब्याच्या किमतीत अख्ख्या जिमला पुरतील एवढ्या होतात. आमच्या जोडीवर पुतणीने लाल नेलपॉलिशने आकडे टाकलेत. नऊ आठवड्यांत ती ३१ वर पोहोचली. मधे दोनदा अडकली, तर पाव-पाव किलो लावून पुढे गेली. सर आता म्हणतात, पायांचा व्यायाम केल्याचा फायदा झाला. असो. :)

जिममालकांनो, पुढचा आरसा घेण्याआधी अर्ध्या किलोच्या दोन आणि पाव किलोच्या दोन जोड्या करून घ्या. फक्त लेथवाल्याकडे जाताना आपल्या रॉडचं टोक व्हर्नियरने मोजून न्या. वर दिलेलं भोक ५० मिमीच्या ऑलिंपिक रॉडचं आहे. गावाकडचे बरेच रॉड बारीक असतात, त्यांना भोक लहान लागेल आणि त्या हिशेबाने बाहेरचा व्यासही थोडा कमी करावा लागेल.