पाकिटावर पान, नवापुरात पाणी

कापडाच्या दुकानात हल्ली शर्टाला दोन चिठ्ठ्या लटकलेल्या असतात. एकीवर किंमत, दुसरीवर हिरवे पान. साबण, शाम्पू, भिंतीचा रंग, फरशी पुसायचे द्रावण, सगळेच आता ‘पर्यावरणपूरक’ झाले आहे. ग्राहकाला निसर्गाची चाड आहे हे कंपन्यांनी ओळखले आणि त्या चाडीला किंमत लावली. धंद्यात हे चालायचेच. पण त्या पानापोटी ग्राहक जे चार पैसे जास्त मोजतो, त्यातले बोईसरपर्यंत किती पोहोचतात?

बोईसरचे नाव घेण्याला कारण आहे. बोईसरच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत हजारावर कारखाने आहेत. कापडावर प्रक्रिया, रंग, रसायने, औषधांचा कच्चा माल हे तिथले मुख्य काम. यातला बराच माल दुकानात स्वतःच्या नावाने जात नाही. दुसऱ्याच्या उत्पादनात मिसळून जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८च्या पाहणीवरून देशातील औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा ९३.६९ गुणांसह तारापूर पहिले आले. दिल्लीचा नजफगड नाला, मथुरा, कानपूर हे सगळे त्याच्या मागे. सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राची क्षमता दिवसाला २५ दशलक्ष लिटर आणि येणारे पाणी त्याहून जास्त, अशी अवस्था वर्षानुवर्षे चालली. ५० दशलक्ष लिटरचे नवे केंद्र आले ते फार उशिरा. पाइपातून जे जायचे ते पालघर तालुक्यातल्या नवापूरच्या समुद्रात, आणि ज्याला पाइपापर्यंत जाण्याचीही सवड नसे ते नाल्यातून खाडीत. दांडी, आलेवाडी, नांदगाव, मुरबे, सातपाटी ही गावे मासळीवर जगणारी. अखेर २०१६ मध्ये मच्छीमारांची अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखाने व प्रक्रिया केंद्र यांच्यावर कोट्यवधी रुपयांची भरपाई बसवली. ज्या पापलेटसाठी सातपाटी ओळखली जाते, त्याला राज्य सरकारने २०२३ मध्ये राज्य माशाचा मान दिला. मान मिळाला, पाण्याचे काय?

जाहिरातींना चाप लावण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९९१ मध्ये केंद्राने मातीच्या मडक्याचे ‘इकोमार्क’ चिन्ह आणले. तेहतीस वर्षांत किती ग्राहकांनी ते पाहिले, हे दुकानदाराला विचारावे. २०२४ मध्ये त्याचे नियम नव्याने आले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या नावाने होणाऱ्या दिशाभुलीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. ‘हरित’, ‘नैसर्गिक’, ‘शाश्वत’ असे शब्द आता पुराव्याविना आणि खुलाशाविना वापरता येत नाहीत. दावा मालाबद्दल आहे, उत्पादन प्रक्रियेबद्दल की नुसत्या वेष्टनाबद्दल, हेही सांगावे लागते.

इथेच चोरवाट आहे. ‘वेष्टन पुनर्वापरयोग्य’ एवढेच छापले की वेष्टनाचे सत्य सांगून होते आणि कापड कुठे रंगले हे सांगायची गरज उरत नाही. शिवाय कंपनीच्या ध्येयधोरणातली गोड वाक्ये आणि हिरव्या रंगाची चित्रे, थेट फसवणूक ठरत नसतील तर, या तत्त्वांतून सुटतात. युरोपने एक पाऊल पुढे टाकून, सिद्ध न करता येणाऱ्या मोघम हिरव्या दाव्यांवर २७ सप्टेंबर २०२६ पासून बंदी घातली आहे. निर्यात करणाऱ्या आपल्या कापडवाल्यांना त्याची झळ लागेल तेव्हा प्रमाणपत्रांची धावपळ सुरू होईलच. ते कागद पाहायला परदेशी खरेदीदाराचा माणूस येतो. डोंबिवलीच्या गिऱ्हाइकासाठी कोण येणार?

तारापुरातले सगळेच कारखानदार रात्री नळ सोडून देतात असे आम्ही म्हणत नाही. सांडपाण्यावर इमानाने खर्च करणारेही तिथे आहेत, आणि खरा अन्याय त्यांच्यावर होतो. जॉबवर्क देणारी कंपनी मीटरचा आणि किलोचा भाव विचारते. प्रक्रियेचा खर्च धरून भाव सांगणारा महाग ठरतो, टँकर कुठेतरी रिकामा करणारा स्वस्त. म्हणजे जाहिरातीत पर्यावरणाची वाढीव किंमत वसूल करणारी कंपनी खरेदीच्या टेबलावर प्रदूषणाला सूट देते. सेबीने मोठ्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना पर्यावरणविषयक अहवाल सक्तीचा केला आहे. बोईसरच्या गाळ्यातला छोटा कारखाना त्यात थेट कुठेच येत नाही.

गंमत अशी की मालावर गावाचे नाव कसे मिरवावे हे याच पालघर जिल्ह्याला उत्तम ठाऊक आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वारली चित्रकलेला त्याआधीच मिळाले होते. घोलवड छापले की भाव चढतो, म्हणून ते ठळक छापले जाते. बोईसर छापले की प्रश्न येतील, म्हणून ते कुठेच नसते. ‘निसर्गाच्या जवळ’ नेणाऱ्या साबणाच्या खोक्यावर वारलीचा तारपा नाचतो आणि खोक्यातल्या रसायनाचा पत्ता मात्र सापडत नाही.

यासाठी नवा कायदा लागत नाही. प्राधिकरणाच्या तत्त्वांतच ‘महत्त्वाची माहिती दडवणे’ ही दिशाभूल मानली आहे. सांडपाणी कुठे जाते ही माहिती महत्त्वाची आहे, एवढे प्राधिकरणाने एकदा स्पष्ट करावे. हिरवा दावा करणाऱ्या प्रत्येक मालावर क्यूआर कोड असावा आणि त्यात माल ज्या ज्या कारखान्यांतून आला त्यांची नावे, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राची मुदत आणि गेल्या तीन वर्षांतल्या बंदच्या नोटिसा दिसाव्यात. संमतीपत्रे आणि नोटिसा मंडळाच्या दप्तरी आहेतच. तक्रारीची वाट न पाहता स्वतःहून चौकशी करण्याचा अधिकार २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने प्राधिकरणाला दिला आहे. त्याने सुरुवात कापडापासून करावी आणि पहिली विचारणा गाळ्यातल्या छोट्या कारखानदाराला नव्हे, पान छापणाऱ्या कंपनीला करावी.