सही करण्यापूर्वी वाचा

कोकणातून या बेटावर आलेल्या आपल्या पूर्वजांनी गिरमिटाच्या कागदावर अंगठा उमटविला, तेव्हा त्या कागदात काय लिहिले आहे हे त्यांतील बहुतेकांना वाचता येत नव्हते. त्या अंगठ्याची किंमत त्यांनी उसाच्या शेतात वर्षानुवर्षे मोजली. आज त्यांचीच पणतवंडे एबेन आणि पोर्ट लुई येथील कचेऱ्यांत बसून परदेशी धनिकांच्या कंपन्यांचे आणि ट्रस्टचे कागद तयार करीत आहेत. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु या कामात जोखीम किती आहे, हे आपण घरात कधी बोलतो का? ती जोखीम समजावी म्हणून आज सौदी अरेबियातील एक हकीकत सांगतो.

त्या देशात पगारावर आयकर नाही, म्हणून तेथे कर नाहीच असा आपला समज असतो. तो खरा नाही. कंपनीच्या नफ्यातील परदेशी भागीदाराच्या हिश्शावर २० टक्के कर आहे. सौदी भागीदाराच्या हिश्शावर अडीच टक्के जकात आहे. २०२० च्या जुलैपासून बहुतेक वस्तूंच्या खरेदीवर १५ टक्के कर द्यावा लागतो. वारशाचा कायदा शरियतचा. मृत्युपत्राने मालमत्तेचा एक तृतीयांश भागच आपल्या मर्जीने देता येतो. बाकीचे वाटे ठरलेले. आपल्या बेटावरही फ्रेंच वळणाच्या दिवाणी कायद्याने मुलांचा वाटा राखीव ठेवला आहे, तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी नाही.

एवढे नियम म्हटल्यावर सल्लागार आलेच. रियाध आणि जेद्दा येथे कर, ट्रस्ट, वक्फ आणि घराण्याच्या संपत्तीची व्यवस्था पाहणाऱ्या वकिलांच्या पेढ्या आहेत. परदेशी पेढ्यांना पूर्वी तेथील वकिलाच्या नावाआड काम करावे लागे. २०२३ मध्ये त्यांना स्वतःच्या नावाने पहिले परवाने मिळाले. ही कामे वाईट आहेत असे मी म्हणत नाही. कायद्यात बसवून कर वाचविणे ही चोरी नव्हे. बापाच्या मागे भावंडे भांडू नयेत म्हणून आधीच व्यवस्था लावणे हे तर शहाणपणच आहे.

आता ती हकीकत. खोबार येथील गोसैबी घराणे मूळचे मोत्यांचे व्यापारी. पुढे पेप्सीची बाटलीबंदी, बँका, असा त्यांचा पसारा वाढला. तीन भावांची ती भागीदारी. त्यांच्या पैशाच्या पेढीचा कारभार १९८० च्या दशकापासून घरातील जावयाच्या, मआन अल-सानेआ यांच्या, हाती होता. सानेआ यांचा स्वतःचा मोठा उद्योगसमूहही होता आणि त्याच्या अनेक कंपन्या दूरच्या केमन बेटांवर नोंदलेल्या होत्या. २००९ साली सारा डोलारा कोसळला. दोन्ही बाजूंची मिळून सुमारे २० अब्ज डॉलरांची देणी थकली आणि शंभरावर बँका हवालदिल झाल्या.

भावांच्या घराण्याने सांगितले, आम्हाला काही ठाऊक नव्हते, सह्या खोट्या आहेत, जावयाने फसविले. केमनच्या न्यायालयात वर्षभर सुनावणी झाली. २०१८ च्या मे महिन्यात हजारावर पानांचा निकाल आला. न्यायाधीशांनी घराण्याचा दावा फेटाळला. बँकांची जी फसवणूक झाली ती भागीदारांना माहीत होती, असे त्यांनी नोंदविले.

या हकीकतीत नामांकित वकील होते, हिशेब तपासनीस होते, बँका होत्या. नव्हता तो एकच माणूस, जो वेळेवर विचारील की हा पैसा कोणाचा आणि कोठून आला.

तो प्रश्न विचारणे आता आपल्या मुलांच्या वाट्याला आले आहे. मॉरिशसने १९९२ पासून परदेशी कंपन्यांसाठी दार उघडले आणि २००१ मध्ये ट्रस्टचा कायदा केला. त्यातून हजारो घरांची चूल पेटते. परंतु काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० च्या फेब्रुवारीत आपल्या देशाचे नाव करड्या यादीत घातले. ते निघायला २०२१ चा ऑक्टोबर उजाडला. केमनचे नावही २०२१ मध्ये त्या यादीत गेले होते. बेटाची अब्रू एकदा गेली की ती परत मिळविण्याचा खर्च कारकुनापासून मंत्र्यापर्यंत सर्वांना पडतो.

म्हणून कचेरीत काम करणाऱ्या मुलामुलींना माझे सांगणे आहे. साहेबाने पुढे केलेला कागद न वाचता सही करू नका. खरा मालक कोण हे फाइलवर नसेल तर विचारा, आणि विचारल्याची नोंद ठेवा. त्यामुळे नोकरीत चार दिवस त्रास होईल. पण "मला ठाऊक नव्हते" हे उत्तर न्यायालयात टिकत नाही, हे खोबारच्या श्रीमंतांनाही कळून चुकले.

आणि घरच्या वडीलधाऱ्यांना विनंती. आपल्याकडे अब्जावधी नाहीत. एक घर, थोडी जमीन, बँकेत काही रुपये. तरीही नोटरीकडे जाऊन व्यवस्था लावा आणि ती बायकोला व सर्व मुलांना एकत्र बसवून सांगा. बैठकीच्या वर्गणीचा हिशेब आपण चारचौघांत मागतो, मग घरचा हिशेब कपाटात का? वकील कागद पक्का करील. घरातला विश्वास मात्र आपल्यालाच पक्का करावा लागतो.

आपल्या पणजोबांना वाचता येत नव्हते, हा त्यांचा दोष नव्हता. आपल्याला वाचता येते.