व्हिडिओत सायकल पळती, पट्टी कुणी दाखवत नाही



"कोणत्याही सायकलला बसते" म्हणून विकलेली हब मोटार माझ्या जुन्या दांडीच्या सायकलला बसलीच नाही. तिच्या आसाला 135 मिमी जागा लागते, आपला मागचा चिमटा अरुंद. मी एका बाजूनं फाकवला, तर चाक तिरपं अन् चेन उतरायली. मग दोन्ही बाजू सारख्या फाकवल्या. तिसऱ्या दिवशी चढावर आस खाचेतच फिरला अन् आतून येणारी वायर पिळून तुटली. आसाच्या सपाट बाजूला धरणारी लोखंडी पट्टी चिमट्याला बांधावी लागते, हे मी पाहिलेल्या एकाही व्हिडिओत नव्हतं!

रात्री लाईट आल्यावर शेतात जाणारा माणूस ही सायकल चालवणार. ब्रेक मात्र तेच जुने, रबर झिजलेले. 250 वॅट अन् ताशी 25 किमीच्या आत नोंदणी लागत नाही, म्हणून ब्रेकही लागत नाही का?

सांगलीच्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून चारचाकी केली. 2022 ला महिंद्रांनी त्यांना बोलेरो दिली, चांगलंच झालं. पण बोलेरोचा फोटो सगळ्यांनी टाकला. बेअरिंग कसं बसवलं ते मला कुठंच वाचायला भेटलं नाही.

कृषी अभियंते हे पेज वाचतात. साहेब, "जुगाड" म्हणून टाळ्या नकोत, मापं तपासून द्या. अन् ज्याचं फसलं त्यानं तेही टाका. माझ्या तुटलेल्या वायरीचा फोटो मी टाकायलोच.