हिशेबाची वही : दोन रुपयांचा शेअर स्वस्त असतो का?



गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या शेजारच्या ताईंना भिशी लागली. तीस हजार रुपये. मुलीच्या नर्सिंगची फी त्यातून भरायची होती. त्यांचा मुलगा चिकलठाणा एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहे. शिफ्ट सुटल्यावर मोबाईल घेऊन तो माझ्याकडे आला. "काका, दोन रुपयांचा शेअर आहे, वीसचा होणार. तीस हजारांचे तीन लाख!" कोण म्हणतं, असे विचारले तर म्हणाला, टेलिग्रामवरचा ग्रुप.

मी त्याला हाकलले नाही. शेअर हे शेठजींचे काम, असे म्हणणे मला पटत नाही. परदेशातून शिकून आल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व गुंतवणुकीचा सल्ला देण्याचे काम सुरू केले होते. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली. आज पॅन, आधार आणि बँकेचे खाते असले की कुणालाही डिमॅट खाते उघडता येते. दार उघडे आहे, पण आत डोळे उघडे ठेवूनच जायचे.

पहिली गोष्ट, भाव कमी म्हणजे माल स्वस्त नव्हे. एका कंपनीचे १०० कोटी शेअर दोन रुपयांना आहेत. म्हणजे बाजार तिची किंमत २०० कोटी धरतो. दुसरीचे २० लाख शेअर पाचशे रुपयांना आहेत. तिची किंमत १०० कोटी. मग महाग कोणती? आणि दोनाचा एक झाला की निम्मे पैसे गेले, हे विसरू नये.

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना. कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली. २०१७ च्या सुरुवातीला हा शेअर शंभर रुपयांच्या आसपास होता. कर्जाच्या बातम्या आल्या आणि भाव कोसळला. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायाधिकरणापुढे गेली. "एवढी मोठी कंपनी बुडेल कशी?" असे वाटणे साहजिक होते. पण देणी सुमारे ६४,८०० कोटींची आणि जून २०२१ मध्ये मंजूर झालेली योजना अवघ्या २,९६२ कोटींची. त्या योजनेत भागधारकांच्या वाट्याला शून्य आले. पुढे अपिलात ती योजना रद्द झाली, तरी धडा तोच राहतो. कंपनी मोडीत निघाली की आधी प्रकरणाचा खर्च, मग कामगारांची ठरावीक देणी व तारण असलेली कर्जे, आणि पंगतीत सर्वांत शेवटी भागधारक.

त्या मुलाला घेऊन मी मुंबई शेअर बाजाराचे संकेतस्थळ उघडले. तुम्हीही याच क्रमाने बघा.

१. तिमाही निकाल : विक्री आहे का? याच्या कंपनीची चार तिमाहींची विक्री शून्य होती.
२. भागधारणा : मालकांचा, म्हणजे प्रवर्तकांचा हिस्सा किती, त्यातला गहाण किती? इथे तो दर तिमाहीला घटत होता.
३. वार्षिक अहवाल : कर्ज किती, आणि हिशेब तपासनिसाने कुठे आक्षेप घेतला आहे का?
४. बाजाराची देखरेख यादी : एएसएम किंवा जीएसएम यादीत नाव असेल तर थांबा.
५. रोज किती शेअरांची देवघेव होते? विकायच्या दिवशी घेणारा हवा.

ताईंनी फी भरली. मुलाने मात्र ओव्हरटाइमचे दोन हजार लावले. आठ दिवस भाव रोज पाच टक्क्यांनी चढला. तीन रुपये झाले तेव्हा तो मला म्हणाला, "काका, तुमच्यामुळे आईचे पैसे राहिले." मी गप्प बसलो. मग उलटे सुरू झाले. रोज पाच टक्के खाली. विकणाऱ्यांची रांग, घेणारा कुणी नाही. आज तो शेअर साठ पैशांवर आहे.

मार्च २०२३ मध्ये सेबीने असेच प्रकार उघड केले होते. यूट्यूबवर खोट्या बातम्या देऊन छोट्या शेअरचे भाव चढवायचे, लोक घ्यायला धावले की आपले विकून मोकळे व्हायचे.

शिकायचेच असेल तर सेबीकडे नोंदलेल्या दलालाकडेच खाते उघडा आणि साधे, म्हणजे बेसिक डिमॅट मागा. सप्टेंबर २०२४ पासून चार लाखांपर्यंतच्या शेअरांवर त्याला वार्षिक देखभाल शुल्क नाही. फी, औषधपाणी, भाडे आणि भिशी यांना हात लावू नका. कर्ज काढून तर मुळीच नाही. गेले तरी घरात भांडण होणार नाही, एवढीच रक्कम लावा. फसवणूक झाली तर सेबीच्या 'स्कोअर्स'वर तक्रार करा. मोफत दूरध्वनी १८०० २२ ७५७५.

तो मुलगा परवा पुन्हा आला होता. या वेळी त्याच्या हातात एका कंपनीचा वार्षिक अहवाल होता. म्हणाला, "काका, यातलं कर्ज कुठल्या पानावर असतं?" दोन हजारांपैकी चौदाशे रुपये शिकवणीची फी म्हणून गेले, असे आम्ही वहीत लिहून ठेवले आहे.